मुसळ, जाते आणि खेळ : धाराशिव परिसरातील ओवीगायनाच्या इतिहासाविषयी

१

जात्यावरच्या ओवीविषयी मराठीत जे लेखन झाले त्यात एक सूर फार लवकर स्थिर झाला. कष्टणाऱ्या, मुकाट सोसणाऱ्या स्त्रीने पहाटेच्या अंधारात जात्यापाशी मोकळे केलेले मन म्हणजे ओवी, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र होय. सासुरवास, माहेरची ओढ, लेकराबाळांची काळजी या आशयाची उदाहरणे द्यावयाची, त्यांतील करुणाची वाखाणणी करावयाची आणि शेवटी पिठाच्या गिरणीने हे धन बुडविले म्हणून हळहळावयाचे, असा या लेखनाचा क्रम जवळजवळ ठरून गेला आहे. हे सूत्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. या अपुरेपणाचा परिणाम एका वाङ्मयप्रकाराच्या आकलनापुरता राहिलेला नाही; ज्या स्त्रियांनी तो प्रकार घडविला त्यांच्याविषयीच्या आपल्या कल्पनेवरही तो झाला आहे. दुःख सांगणारी म्हणून आपण त्यांना ओळखले. चेष्टा करणारी, सोबतिणीला शब्दांत पकडणारी, स्वतःच्या गळ्यावर खूश असणारी म्हणून फारसे ओळखले नाही.

प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या ओळखीचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी धाराशिव जिल्हा (२०२३ मध्ये नामांतर होईपर्यंतचा उस्मानाबाद) आणि त्याला लागून असलेला भूभाग मी निवडला आहे. तो माझा परिचित प्रदेश आहे हे एक कारण. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे की, ओवीच्या इतिहासातील आरंभीचा एक पुरावा, काम आणि गाणे यांच्या नात्याविषयीची एक विलक्षण संतकथा, आणि गाण्यामागचे काम संपल्यानंतर गाण्याचे काय होते याचे उत्तर, या तिन्ही गोष्टी येथे हाताशी लागतात. माझे म्हणणे थोडक्यात असे : खेळकरपणा हा ओवीच्या अनेक विषयांपैकी एक विषय नाही, ती ओवी गाण्याची रीत आहे. म्हणूनच विषयांची वर्गवारी करणाऱ्या आपल्या पद्धतीला ती दिसत नाही.

२

उमरग्याहून हैदराबादच्या वाटेने निघाले की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर फार दूर न जाता बसवकल्याण लागते. हे चालुक्यांचे कल्याणी. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी या राजसत्तेच्या अमलाखाली होता. येथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद या ग्रंथात आहे. मराठी वाङ्मयेतिहासकारांनी तिचा उल्लेख वारंवार केला आहे, तो मुख्यतः ओवीचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी. ‘ज्ञानेश्वरी’च्या, म्हणजे १२९० च्या आधी दीडशेहून अधिक वर्षे ओवी लोकांत रूढ होती, एवढे या नोंदीतून काढून घेतले की तिचे काम संपले असे मानले गेले.

मला मात्र या नोंदीतील दोन तपशील अधिक बोलके वाटतात. पहिला तपशील असा की, येथे दळण नाही, कांडण आहे. जाते नाही, मुसळ आहे. दुसरा तपशील नोंदीच्या जागेचा. ‘मानसोल्लासा’चे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागात वीस प्रकरणे असल्यामुळे त्यांना ‘विंशती’ म्हणतात. राज्य मिळविणे व ते स्थिर करणे हे पहिल्या दोन विंशतींचे विषय, तिसरीचा उपभोग, चौथीचा विनोद आणि पाचवीचा क्रीडा. गीताचा विचार चौथ्या, म्हणजे विनोदाच्या विंशतीत येतो. राजाने आपले मन कसे रमवावे याची ती गणना आहे. स्त्रियांच्या कामाच्या गाण्याची ही प्राचीन नोंद अशा रीतीने करमणुकीच्या शास्त्रात आढळते.

या योगायोगावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही, हे उघड आहे. सोमेश्वराच्या दृष्टीने विनोद राजाचा होता. मुसळ ज्यांच्या हातात होते त्यांचा नव्हे. परंतु ओवीला आनंदाच्या क्षेत्रात ठेवावे असे बाराव्या शतकातील एका दरबारी संग्राहकाला स्वाभाविक वाटले, आणि विसाव्या शतकातील अभ्यासकांनी ती जवळजवळ संपूर्णपणे वेदनेच्या क्षेत्रात नेली, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही ‘संगीतरत्नाकरा’त ओवीचे लक्षण सांगितले आहे, तेही गेय प्रबंध म्हणून. संगीतशास्त्राने ओवीला आधी गाणे म्हणून पाहिले. साहित्यसमीक्षेने मात्र तिला निवेदन म्हणून वाचले.

मुसळाचा तपशील सिद्धान्ताच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. कामाच्या लयीतूनच गाणे जन्मते, असे प्रतिपादन जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर याने १८९६ च्या आपल्या ग्रंथात केले होते, आणि श्रमगीतांच्या चर्चेत ते पुढे पुष्कळांनी गृहीत धरले. ओवीला ते पूर्णपणे लागू पडत नाही. मुसळाचा आघात तुटक असतो. दोघी कांडत असतील तर एकीचे मुसळ वर जाताना दुसरीचे खाली येते. जात्याची गती याच्या अगदी उलट, अखंड आणि वर्तुळाकार. तिच्यात ठोका असा नाहीच. या दोन्ही कामांवर ‘ओवी’ याच नावाचे गाणे गाइले गेले. पुढे मूल पाळण्यात घालताना, वाटेने चालताना, नदीवर धुणे धुतानाही ते गाइले गेले. आणि शब्दांच्या त्याच सैल बांधणीला घडवून ज्ञानदेवांनी गीतेवर भाष्य केले. तेव्हा या गाण्याला कामाने जन्म दिला असे म्हणण्यापेक्षा गाण्याने कामात जागा पटकावली असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

३

काम आणि गाणे यांचे नाते किती निरनिराळे असू शकते, हे तेरणाकाठच्या तेर या गावी दिसते. प्राचीन व्यापाराच्या इतिहासात ‘तगर’ म्हणून ओळखले गेलेले हे गाव मराठी माणसाला मुख्यतः गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. नामाच्या गजरात चिखल तुडविणाऱ्या या कुंभाराच्या पायाखाली त्याचे स्वतःचे मूल आले आणि त्याला ते कळलेही नाही, ही कथा सर्वांना परिचित आहे. भक्तीची पराकाष्ठा म्हणून ती सांगितली जाते. कामाच्या वेळचे गाणे म्हणून तिच्याकडे पाहिले तर तिच्यातून एक विशिष्ट कल्पना पुढे येते : गाणे म्हणजे जगाचे भान हरपणे.

याच मराठवाड्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरील अभंगांत मात्र चित्र वेगळे आहे. तेथे देव स्वतः दळू लागतो, कांडू लागतो. गाण्यामुळे काम करणारीचे भान जात नाही. तिच्या कामाला सोबती मिळतो, आणि तो सोबती प्रत्यक्ष देव असल्यामुळे त्याच्यावर रागावण्याचीही सोय होते. जात्यावरची ओवी या दुसऱ्या वळणाची आहे. मांडीवर मूल घेऊन दळणारी आई ही ओवीतील नित्याची प्रतिमा आहे. तिचा एक हात खुंट्यावर, दुसरा जात्याच्या तोंडात घास टाकणारा, आणि लक्ष मुलाच्या झोपेकडे. ओवी गाणारीला बेभान होणे परवडत नाही. तिचे गाणे अवधान सोडून नव्हे, अवधान राखून होते. आणि खेळ म्हणून ज्याला म्हणता येईल त्याला अवधानच लागते. फुगडीत पाय कोठे पडतो याचे भान सुटले की फुगडी मोडते.

तेरच्याच दुसऱ्या एका कथेत ही खेळाची जाण आहे. संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी हातात थापटणे घेतले आणि मडकी तपासावीत तशी एकेकाची डोकी तपासली. मुक्ताबाईने सुचविलेला हा प्रकार सर्वांनी निमूट सोसला. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे मडके ठरले. या कथेचे तात्पर्य गुरुमाहात्म्याचे सांगितले जाते. पण तिची रचना थट्टेची आहे : कारागिराचे हत्यार, जमलेली मंडळी, एक अवखळ मुलगी, आणि रुसणारा एक थोर माणूस. थट्टा सोसता येणे हीच येथे पक्केपणाची कसोटी आहे. आपल्या लोकपरंपरेने खेळकरपणाला ज्ञानाच्या इतके जवळ ठेवले आहे, हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

४

ओवी गाण्याच्या रीतीत हा खेळ नेमका कोठे असतो? या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांतून मिळाले नाही. कळंब तालुक्यातील माझ्या आजोळी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, गावात गिरणी येऊन बराच काळ लोटला होता. पीठ गिरणीतून येई. पण डाळी भरडण्यासाठी ढेळजेतले जाते वापरात होते. आजी आणि शेजारची एक म्हातारी समोरासमोर बसत. आजीने आपल्या भावाने आणलेल्या लुगड्याचे कौतुक ओवीत करावे, आणि शेजारणीने ओवीचा शेवट उचलून, त्याच चालीत, त्या लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्याला नदीने नेला असे सुचवावे. मग आजीने शेजारणीच्या माहेरचा समाचार घ्यावा. कधी कधी हसू इतके अनावर होई की खुंटा जागच्या जागी थांबे. पुढच्याच ओवीत आजीच्या वारलेल्या बहिणीचा उल्लेख येई, आणि दोघींचा आवाज उतरे. या दोन ओव्यांत त्यांना कसलीही विसंगती वाटत नसे.

पुढे संशोधनाच्या निमित्ताने वही घेऊन मी आजीसमोर बसले, तेव्हा तिने दोन-चार ओव्या सपाट स्वरात सांगितल्या आणि ती कंटाळली. म्हणाली, “अशी सांगून ओवी येत न्हाई गं. बस समोर, खुंटा धर.” लोकसाहित्याच्या संकलनपद्धतीवरची इतकी नेमकी टीका मी नंतर क्वचितच वाचली.

या प्रसंगातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ओवी ही एकटीची नसून दोघींची असू शकते. एकीने उचलावी, दुसरीने झेलावी. कागदावर एकामागून एक येणाऱ्या ओव्या प्रत्यक्षात पुष्कळदा परस्परांना दिलेली उत्तरे असतात. दुसरी अशी की, कागदावरील दोन ओळींची ओवी गाताना कितीतरी लांबते. अर्धी ओळ परत घेतली जाते, मध्ये ‘गं बाई’, ‘सये’ अशी संबोधने पेरली जातात, एखादा शब्द मुद्दाम अडवून धरला जातो. पुढचे यमक कोणते येणार याचा समोरचीला अंदाज करू द्यायचा आणि तो चुकवायचा, ही त्यातील गंमत. तिसरी गोष्ट संबोध्याची : बाई जात्याशी, सूर्याशी, दारातल्या तुळशीशी, हजर नसलेल्या भावजयीशी बोलते. प्रत्यक्षात जिला एक शब्द उलट बोलता येत नाही तिच्याशी ओवीत वाद घालता येतो, आणि तो जिंकताही येतो.

योहान हाइझिंगा याने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाची जी लक्षणे सांगितली त्यांत स्वेच्छा, ठरलेली जागा व वेळ, आणि आपले स्वतःचे नियम ही प्रमुख आहेत. दळण स्वेच्छेचे नव्हते. ते सक्तीचे, रोजचे आणि अंग मोडून काढणारे काम होते. परंतु त्या सक्तीच्या आत गाणे स्वेच्छेचे होते. पीठ पडण्यासाठी ओवीची गरज नव्हती. ही गरज नसणे महत्त्वाचे आहे. मराठीत ‘आनंद होणे’ आणि ‘आनंद करणे’ असे दोन प्रयोग आहेत. जात्यावर बसलेल्या बाईला आनंद होत होता असे म्हणणे तिच्या कष्टांचा अपमान ठरेल. ती आनंद करीत होती, असे मात्र म्हणता येते.

हाच गुण रोजच्या गाण्या-बोलण्याच्या इतर प्रकारांतही दिसतो. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही हा निर्बंध. त्या निर्बंधालाच उखाण्याने खेळ करून टाकले. नाव यमकाच्या आड लपवून, चारचौघींत, आग्रह करवून घेऊन उच्चारावयाचे. लग्नात विहिणीला उद्देशून गाइलेल्या गाण्यांत तर मानापमानाची सारी व्यवस्थाच थट्टेला लावली जाते. पंचमीच्या झोक्यावर आणि फेरात सासुरवाशिणी आपल्या सासरच्यांची नक्कल करतात. आणि मार्गशीर्ष अमावास्येला या जिल्ह्यात व शेजारच्या लातूरमध्ये साजरी होणारी येळवस पाहावी. शेतात कडब्याची खोप करून, भज्जी, आंबील, उंडे यांचा नैवेद्य दाखवून, आंबील शिंपडीत खोपीभोवती फिरताना एक घोष केला जातो. त्याचे शब्द कानडी वळणाचे आहेत. घोष करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचा अर्थ सांगता येत नाही, आणि कोणाला तो विचारावासाही वाटत नाही. पोरांना त्यात सर्वांत मोठा आवाज कोणाचा एवढेच महत्त्वाचे वाटते. अर्थ गेला तरी नाद टिकतो आणि नादावर सण चालतो, हे पाहिल्यावर आशय हाच गाण्याचा गाभा होय ही आपली समजूत थोडी डळमळावयास हरकत नाही.

५

ही रीत छापील पानावर का उतरली नाही, याचा इतिहास संकलनाच्या इतिहासात आहे. स्त्रीगीते गोळा करून छापण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोमाने सुरू झाले. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ हा त्यातील अत्यंत प्रभावी टप्पा. गुरुजींचे मन आर्द्र होते आणि त्यांना ओवीत जे सापडले ते त्या आर्द्रतेला साजेसे होते. पुढच्या वाचकांनी ओवीकडे बऱ्याच अंशी त्यांच्या डोळ्यांनी पाहिले. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांसाठी राखून ठेवलेले विशेषण पुरुषांनी न रचलेल्या गाण्यांना लावण्यात जी मिस्कील धिटाई आहे, ती ओवी गाणाऱ्या बायकांच्या वृत्तीशी अगदी जुळणारी आहे. मराठवाड्यातील ओव्या ना. शे. पोहनेरकर यांनी ‘जाईमोगरा’त आणल्या. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा प्रदेशातील मराठी जात्याभोवती किती समर्थपणे नांदत होती, हे अशा संकलनांनी उर्वरित महाराष्ट्राला दाखविले. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने पुढे केलेले कार्य तर सर्वश्रुत आहे.

या सर्वांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, छापताना ओवी ‘स्वच्छ’ करण्यात आली. संबोधने व पुनरावृत्ती पादपूरणे म्हणून गळाली. दोन गाणारणींच्या ओव्या एका अनामिकेच्या झाल्या. ‘माहेर’, ‘भाऊ’, ‘सासुरवास’ अशा मथळ्यांखाली त्या लावल्या गेल्यामुळे लुगड्याच्या कौतुकाची ओवी एका प्रकरणात आणि तिला दिलेले उत्तर दुसऱ्या प्रकरणात गेले, किंवा ते ‘हलके’ म्हणून वगळलेच गेले. छंदाच्या अभ्यासानेही अक्षरे मोजली. श्वास मोजले नाहीत. प्रयोगातून काढून घेतलेली ओवी पानावर एकटी पडली, आणि एकट्या पडलेल्या ओळी आपोआप उदास वाटू लागल्या. ओवीतील कारुण्याचा काही भाग तरी अशा रीतीने मुद्रणाने निर्माण केलेला आहे.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून चालविलेल्या कामाने ही स्थिती बरीच पालटली. हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळविल्या. गाणारणीचे नाव आणि गाव नोंदविले, आणि पुढे ध्वनिमुद्रणही केले. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातर्फे क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. अनामिका संपली आणि आवाज परत आला, हे या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व. वर्गीकरण मात्र येथेही मुख्यतः विषयांचेच आहे. एवढ्या प्रचंड सामग्रीला दुसरी सोय नसेल. परंतु ध्वनिफिती उपलब्ध असताना आता समीक्षकांनी शब्दांबरोबर त्यांतील थांबे, उसळी आणि हसू ऐकण्यास काही अडचण उरलेली नाही.

६

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. गाण्यातील आनंदाविषयी बोलणे म्हणजे गावगाड्याचे गोड चित्र रंगविणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. आनंद करण्याची मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. तुळजापूरच्या भवानीच्या परिसरात संबळ-तुणतुण्यावर गोंधळ घालणारा गोंधळी, पोत खेळविणारा भुत्या, देवीची गाणी गाणारे आराधी, दारोदार फिरणारा वासुदेव, पोतराज या सर्वांचे गाणे परंपरेने आणि बहुतेकदा जातीने नेमून दिलेले होते. गोंधळ्याच्या साथीदाराने आख्यानात विनोद करावयाचा, हेही नेमलेलेच. यजमान हसला नाही तर त्याचे काय, हा प्रश्न आपण विचारीत नाही. घरातही नव्या सुनेने सासूसमोर गळा मोकळा करावा की नाही याचे दंडक होते, आणि विधवेला मंगलगाण्यांतून बाहेर ठेवले जाई.

पण म्हणूनच खेळ हा गौण विषय ठरत नाही. कोणाला खेळता येते हा सत्तेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तम उदाहरण मराठवाड्यातील दलित स्त्रियांनी गाइलेल्या आंबेडकरांविषयीच्या ओव्या. राईरकर-प्वातवँ यांना १९९० च्या दशकात शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावी अशा ओव्या मोठ्या संख्येने मिळाल्या. त्यांत कृतज्ञता आहे, शोकही आहे. परंतु त्याहून ठळक आहे तो तोरा. ज्या ओवीत एरवी भावाच्या घोड्याचे, पागोट्याचे कौतुक व्हावयाचे, त्याच साच्यात बाबासाहेबांना भाऊ म्हणून बसविले जाते, आणि गावाने नाकारलेला मान स्वतःच्या घरचा पाहुणा असल्याप्रमाणे मिरविला जातो. ही केवळ विचारांची पद्यात मांडणी नव्हे. जुना खेळ ताब्यात घेऊन त्याचे नियम बदलण्याचा तो प्रकार आहे. तिच्यातील मिरवण्याचा आनंद वगळून या ओवीचा राजकीय अर्थ लावता येईल, असे मला वाटत नाही.

७

शेवटी आजचा प्रश्न. दळण गेले. ते परत यावे असे म्हणण्याचा अधिकार ते न करणाऱ्या कोणालाही नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूरबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर व परिसरातील गावेही उद्ध्वस्त झाली. ती वेळ एके काळी जात्याची होती. जड दगडी भिंतींच्या आणि मातीच्या माळवदांच्या घरांनी हजारो माणसे गाडली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. सरळ रस्ते, आखलेले भूखंड, सुटी सुटी घरे. ढेळज गेली, बोळ गेला, आणि एका घरचा आवाज दुसऱ्या घरी सहज पोचावा अशी भिंतीला भिंत लागून असलेली वस्तीही गेली. गाण्याचा एक भूगोल असतो, आणि तो बदलला.

अशाच एका वसविलेल्या गावी काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या लग्नाला जाण्याचा योग आला. आदल्या दिवशी घाणा भरण्याचा विधी होता. सिमेंटच्या अंगणात जाते मांडले होते, शेजारी दोन मुसळे एकत्र बांधून त्यांना आंब्याची पाने लावली होती. सवाशिणींनी मिळून मुसळे धरली आणि कांडल्यासारखे केले. कांडले काहीच नाही. पाठीमागून एका म्हाताऱ्या बाईने गाणे उचलले. तिला पुढचे आठवेना तेव्हा दुसरीने ते पुरे केले, आणि त्यात नवरीच्या आत्याचे नाव घालून असे काही जोडले की सारे अंगण हसले. आत्याबाई हातवारे करीत उत्तर द्यायला पुढे झाल्या. तरुण मुली भ्रमणध्वनीवर हे टिपून घेत होत्या; त्यांतल्या एकीने ओळ चुकीची म्हटली म्हणून तिचीही खिल्ली उडाली, आणि तिला ती परत म्हणावी लागली.

तेथे उभे असताना मला ‘मानसोल्लासा’तील नोंद आठवली. कांडणाचे काम संपून कित्येक वर्षे लोटली आहेत, जात्याचेही. तरीही मुसळ हातात घेतले की बायका गातात. गाणे कामासाठीच असते तर ते कामाबरोबर संपले असते. येथे उलटे झाले आहे : काम लुटुपुटीचे उरले आणि गाणे खरे राहिले. ओवीगायनाच्या परंपरेतील जो भाग या स्थित्यंतरातून तगून निघाला तो तिच्यातील खेळाचा भाग होय, असे या प्रसंगावरून म्हणता येते. आणि तसे असेल तर ओवीच्या समीक्षेनेही आपली सुरुवात तेथूनच केली पाहिजे. दुःखाच्या ओव्या बाजूला सारून नव्हे, तर त्या गाताना समोर कोण बसली होती आणि पुढची ओवी तिने कशी झेलली, हे विचारून. माझ्या आजीने सांगितले ते पद्धतिशास्त्र एवढेच होते. समोर बसावे आणि खुंटा धरावा.